एकावर एक, एकाहत्तर वेळा

आधी ही संख्या पाहा. मोजायला सोपं जावं म्हणून दहा-दहाच्या गटांत तोडली आहे, एरवी ती सलग आहे.

११११११११११ ११११११११११ ११११११११११ ११११११११११ ११११११११११ ११११११११११ ११११११११११ १

एकूण ७१ एक. इतकी बिनचेहऱ्याची संख्या क्वचितच भेटते. शेवटचा अंक १, तेव्हा २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ७१, तेव्हा ३ बाद. एकाआड एक अंकांच्या बेरजा ३६ आणि ३५, फरक १, तेव्हा ११ सुद्धा बाद. शाळेत पाठ केलेल्या विभाज्यतेच्या कसोट्या इथेच आटोपतात. हिला नाव द्यावं म्हटलं तर तेही जमत नाही. भास्कराचार्यांनी लीलावतीत स्थानांची अठरा नावं दिली आहेत, एकं-दहंपासून परार्धापर्यंत, आणि परार्ध म्हणजे १ वर १७ शून्यं. आपल्या रांगेतली पुढची ५३ घरं बिननावाचीच राहतात.

दिसायला अशी अभेद्य असली तरी ही मूळ संख्या नाही, संयुक्त आहे. एक ३० अंकी आणि एक ४१ अंकी, अशा दोन मूळ संख्यांचा हा गुणाकार. ते दोन अवयव १९८४ साली हाती लागले, तेही त्या काळच्या अतिवेगवान संगणकाला साडेनऊ तास राबवून. ती संयुक्त आहे एवढं मात्र त्याआधीच ठाऊक होतं. एकही अवयव माहीत नसताना ‘हिला अवयव आहेत’ असं छातीठोकपणे सांगता येतं, हे पहिल्यांदा ऐकलं की खरं वाटत नाही. ते कसं, हे बघायचं तर सुरुवात बोईसर-डहाणू पट्ट्यातल्या एका माणसापासून करावी लागेल.

बोईसरहून डहाणूची लोकल पकडली की मध्ये एकटं वाणगाव लागतं. या डहाणूला १७ जानेवारी १९०५ रोजी दत्तात्रय रामचंद्र कापरेकर जन्मले. तेव्हा हा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा झाला २०१४ साली. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन, आणि १९२७ साली विद्यार्थी असतानाच रँग्लर परांजपे गणित पारितोषिक. १९२९ ला बी.एस्सी. झाले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळेत मास्तरकी केली. पुढची पदवी नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही, संगणक तर नाहीच. कागद, पेन्सिल आणि आकड्यांचं वेड एवढंच भांडवल.

लोकांना त्यांचं ६१७४ माहीत असतं. चार अंक घ्या (चारही सारखे नकोत), उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच करा. सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येतं आणि तिथेच अडकतं. गंमत मोठी आहे, वाद नाही. पण मला विचाराल तर ६१७४ च्या कौतुकात कापरेकरांची एक जास्त देखणी गोष्ट मागे पडली.

१९२३ साली मुंबईजवळच्या डेम्लो स्थानकावर, म्हणजे आजच्या डोंबिवलीला, गाडी बदलताना त्यांच्या डोक्यात एका जातीच्या संख्या आल्या. त्यांना त्यांनी नाव दिलं ‘डेम्लो संख्या’. त्यातल्या सर्वांत सुंदर संख्या एकांच्या रांगेचा वर्ग केला की मिळतात. ११ चा वर्ग १२१. १११ चा वर्ग १२३२१. ११११ चा १२३४३२१. असं चढत-उतरत नऊ एकांपर्यंत गेलं की येतं १२३४५६७८९८७६५४३२१.

आणि दहा एकांना? इथे कागदावर गुणाकार मांडूनच बघावा. दहा ओळी, प्रत्येकीत दहा एक, आणि प्रत्येक ओळ आदलीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. कडेच्या रकान्यात एकच एक, पुढच्यात दोन, मग तीन; मधल्या रकान्यात बरोबर दहा. तिथे ० लिहायचं आणि हातचा १. शेजारच्या रकान्यात नऊ होते, हातचा धरून दहा झाले; पुन्हा ०, पुन्हा हातचा १. त्यापुढे आठ होते, त्यांचे झाले नऊ. हातचा तिथे संपला. उत्तर: १२३४५६७९००९८७६५४३२१. डाव्या उतरणीवरून ८ गायब! नऊ पायऱ्या टिकलेली सममिती एका हातच्याने मोडली. मोडली तरी तिच्यात शिस्त उरलीच: ज्याला ८ नाही असा डावीकडचा १२३४५६७९ पाहा, त्याला ९ ने गुणलं की नऊ एक येतात.

हा १२३४५६७९ कुठून आला? नऊ एकांची फोड केल्यावर निघतो. नऊ एक म्हणजे तीन-तीन एकांचे तीन गट, म्हणजेच १११ × १००१००१. त्यातला १११ म्हणजे ३ × ३७ आणि १००१००१ म्हणजे ३ × ३३३६६७. दोन्हीकडचे ३ बाजूला काढले की ९ होतात आणि उरलेल्या ३७ × ३३३६६७ चा गुणाकार १२३४५६७९. सहा एकांचंही तसंच. दोन-दोनचे गट केले तर ११ × १०१०१, तीन-तीनचे केले तर १११ × १००१. दोन्ही वाटांनी शेवटी एकच यादी हाती येते: ३, ७, ११, १३, ३७. एकांची मोजदाद सारख्या गटांत वाटता येत असेल तर ती संख्या संयुक्तच, त्यात शंका नको.

या रांगांचा आणखी एक गुण मला अजून चकित करतो. २ आणि ५ ने भाग न जाणारी कुठलीही संख्या घ्या. ती एकांच्या कुठल्या ना कुठल्या रांगेला निःशेष भागते. उदाहरणाला बोईसरचा पिनकोड घेऊ: ४०१५०१. १, ११, १११ असं करत ४०१५०१ रांगा लिहा आणि प्रत्येकीला पिनकोडने भागा. एखादीची बाकी ० आली तर काम झालं. नाही आली, तर बाकी १ ते ४०१५०० मधलीच असणार; रांगा एकाने जास्त, तेव्हा निदान दोन रांगांची बाकी सारखी निघणार. मोठीतून लहान वजा करा. उत्तरात पुढे नुसते एक आणि मागे नुसती शून्यं येतात, आणि त्याला पिनकोडने पूर्ण भाग जातो. पिनकोडचा शेवटचा अंक १, त्यामुळे मागच्या शून्यांशी त्याचं काही देणंघेणं नाही. म्हणजे पुढच्या एकांच्या रांगेलाच तो भागतो. ती रांग किती लांब हे न मोजता ती आहे हे सिद्ध झालं. पालघरचा ४०१४०४ सम असल्यामुळे त्याला हे भाग्य नाही. पण पालघरकरांनी वाईट वाटून घेऊ नये, एकांच्या एका रांगेच्या शेवटी दोन शून्यं दिली की त्यांचंही जमतं.

आता एकांची मोजदाद गटांत वाटताच येत नाही अशा रांगांकडे, म्हणजे ज्यांची लांबी स्वतःच मूळ संख्या आहे त्यांच्याकडे वळू. दोन एक, ११, मूळ. तीन एक ३ × ३७. पाच एक ४१ × २७१. सात एक २३९ × ४६४९. अकरा एक २१६४९ × ५१३२३९. तेरा एकांचे तीन अवयव: ५३, ७९ आणि २६५३७१६५३. सतरा एक २०७१७२३ × ५३६३२२२३५७. मग अचानक १९ एक मूळ, २३ एकही मूळ. आता सूर सापडला असं वाटतं न वाटतं तोच पुढे वाळवंट. त्यानंतरची मूळ रांग थेट ३१७ एकांची, आणि तिच्यानंतरची १०३१ एकांची. २३ आणि ३१७ च्या मधल्या सगळ्या रांगा संयुक्त. आपले ७१ एक याच वाळवंटात आहेत.

अवयव न शोधता हे ठरवायची किल्ली फ्रान्सच्या पिएर द फर्माने १६४० साली दिली. मूळ संख्या घ्या; तिने भाग न जाणारा कुठलाही पाया घ्या; त्या पायाचा घातांक मूळ संख्येपेक्षा एकने कमी ठेवा. त्या घाताला मूळ संख्येने भागलं की बाकी नेहमी १. उलट बाजूने वापरली की हीच कसोटी होते. १५ तपासायचे असतील तर २ चा १४ वा घात काढा: १६३८४. त्याला १५ ने भागा, बाकी ४. बाकी १ आली नाही, म्हणजे १५ संयुक्त. ३ आणि ५ यांचं नावही न घेता निकाल लागला. बंद पेटी हलवली की आत काही आहे हे कळतं, काय आहे ते कळत नाही, तसंच हे. ७१ अंकी संख्येला घात काढायचा म्हणजे आभाळ फाटेल असं वाटतं, पण वर्ग, त्याचा वर्ग, पुन्हा त्याचा वर्ग असं करत, दर वेळी फक्त बाकी ठेवत गेलं, तर सव्वादोनशेहून थोडे जास्त वर्ग आणि काही किरकोळ गुणाकार यांत काम भागतं.

आता गंमत बघा. पाया १० घेतला तर एकांच्या या रांगा कसोटीला बेमालूम फसवतात. सात एकांवर पाहू. १ वर सात शून्यं म्हणजे ९ × १११११११ अधिक १. म्हणून १० च्या सातव्या घाताची बाकी १, चौदाव्याची १, एकविसाव्याची १; ७ च्या पटीतल्या प्रत्येक घाताची १. कसोटीला हवा असलेला घात आहे १११११११ वजा १, म्हणजे ११११११०. तो निघतो ७ × १५८७३०, चक्क ७ च्या पटीत! बाकी १, कसोटी पास, आणि संख्या मात्र २३९ × ४६४९. ७१ एकही असंच सोंग घेतात. कारण मोठं मजेचं आहे: लांबी ७१ ही स्वतः मूळ असल्यामुळे फर्माचाच नियम तिला लागू होतो आणि घात ७१ च्या पटीत आपोआप येऊन बसतो. ज्या नियमाने चोर पकडायचा तोच चोराला सामील. पण हे सोंग सगळ्याच पायांपुढे चालत नाही. दोनच मूळ अवयवांच्या संख्येला निदान निम्मे पाये तरी उघडं पाडतात, हे सिद्ध झालेलं आहे.

संयुक्त ठरली. आता अवयव. इथे एकांची रांग थोडी मदत करते: लांबी ३ पेक्षा मोठी मूळ संख्या असेल, तर प्रत्येक मूळ अवयव लांबीच्या दुपटीच्या पटीपेक्षा एकने जास्तच असतो. सात एकांचे अवयव १४ ने भागून पाहा: २३९ म्हणजे १४ × १७ + १, आणि ४६४९ म्हणजे १४ × ३३२ + १. अकरा एकांच्या दोन्ही अवयवांना २२ ने भागलं की बाकी १. तेव्हा ७१ एकांसाठी १४२ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या संख्याच तपासायच्या. १४२ मधल्या १४१ संख्यांवर फुली. सवलत घसघशीत आहे, पण लहान अवयवच ३० अंकी. सेकंदाला १ अब्ज उमेदवार तपासणारं यंत्र असलं तरी त्याच्यापर्यंत पोचायला सुमारे ५४ अब्ज वर्षं लागतील. विश्वाचं वय साधारण १३.८ अब्ज.

मग साडेनऊ तासांत कसं जमलं? त्यासाठी पुन्हा कापरेकरांच्या वहीत डोकवावं लागतं. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे केले, २० आणि २५, तर बेरीज ४५. अशा संख्यांना जगभर कापरेकर संख्या म्हणतात. याच २०२५ मधून ४ वजा करा: २०२१. ही मूळ आहे का? पाढे आठवत बसू नका. २०२१ म्हणजे ४५ चा वर्ग वजा २ चा वर्ग, म्हणून (४५ − २) × (४५ + २), म्हणजे ४३ × ४७. आधुनिक पद्धतींचं मर्म एवढंच: मोठ्या संख्येच्या पटीइतका फरक असलेले दोन वर्ग शोधायचे. असे वर्ग सरळ सापडत नाहीत. हजारो अर्धवट उमेदवार जमवायचे आणि त्यांच्यातले काही एकमेकांशी गुणून पूर्ण वर्ग जुळवायचा. चाळणी लावून हे उमेदवार निवडायची युक्ती कार्ल पोमरन्स यांनी १९८१ मध्ये मांडली. १९८४ साली अमेरिकेतल्या सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेत डेव्हिस, होल्ड्रिज आणि सिमन्स यांनी ती क्रे संगणकावर चालवली आणि ७१ एक फुटले:

२४१५७ ३१४२३ ९३६२७ ६७३५७ ६९५७४ ३९०४९

गुणिले

४ ५९९४८ ११३४७ ८८६८४ ६३१०२ २१७२८ ८९५२२ ३०३४३ ०१८३९

पहिल्याला हवं तर हाताने १४२ ने भागून बघा. बाकी १ येते. कापरेकर तेव्हा हयात होते. १९८६ साली ते देवळालीलाच गेले.

सँडिया ही अण्वस्त्रांवर काम करणारी प्रयोगशाळा. तिला एकांच्या रांगेत रस का? याचं उत्तर मार्टिन गार्डनर यांच्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरात सापडतं. मार्च १९७५ च्या सदरात त्यांनी कापरेकरांची ओळख जगाला करून दिली. त्याच सदरात ऑगस्ट १९७७ मध्ये त्यांनी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांची नवी गुप्तलेखनाची पद्धत (त्यांच्या आद्याक्षरांवरून आर.एस.ए.) मांडली. दोन मोठ्या मूळ संख्या गुणा, गुणाकार चारचौघांत जाहीर करा, अवयव स्वतःजवळ ठेवा, कुलूप तयार. सदरात १२९ अंकांची एक संयुक्त संख्या छापली होती आणि ती फोडणाऱ्याला १०० डॉलरचं बक्षीस होतं. १९९४ मध्ये सुमारे ६०० स्वयंसेवकांनी इंटरनेटवरून १६०० च्या आसपास संगणक जोडून ती फोडली. २०२० मध्ये याच जातीची २५० अंकी संख्या फुटली. बोईसरच्या नवापूर नाक्यावर चहाचे पैसे मोबाइलवरून देताना पडद्यामागे ज्या प्रकारची कुलपं असतात, त्यांतलं आर.एस.ए. हे एक जुनं आणि आजही चालणारं. त्याची नेहमीची संख्या ६१७ अंकी. ती संयुक्त आहे हे सगळ्यांनाच माहीत असतं, अवयव मात्र माहीत नसतात, आणि त्याच्या जोरावरच ती कुलूप होते. आणि कुणी मुद्दाम न बनवलेल्या संख्याही तितक्याच हट्टी निघतात: २ च्या १२७७ व्या घातातून १ वजा केला की येणारी ३८५ अंकी संख्या संयुक्त असल्याचं पक्कं ठाऊक आहे, अवयव एकही सापडलेला नाही.

सँडियाला कुलपांचं पडलं होतं. कापरेकरांच्या नजरेने पाहिलं तर त्या दोन अवयवांचं मोल वेगळंच आहे. त्यांनी आवर्ती दशांशांच्या चक्रांवर एक पुस्तिकाच लिहिली होती. १ ला ४१ ने भागा: ०.०२४३९ ०२४३९ ०२४३९, पाच अंकांचं चक्र. १ ला २७१ ने भागा: ०.००३६९ ००३६९, पुन्हा पाच अंकांचं. कारण ४१ × २४३९ आणि २७१ × ३६९ हे दोन्ही गुणाकार ९९९९९ होतात, आणि ९९९९९ म्हणजे नऊ पट पाच एक. आता उलट विचारा: पाच अंकांचं चक्र देणाऱ्या मूळ संख्या आणखी कोणत्या? एकही नाही. अनंत मूळ संख्यांमध्ये या दोघीच, कारण पाच एकांना तिसरा मूळ अवयव नाही. दोन अंकांचं चक्र देणारी फक्त ११. तीन अंकांचं फक्त ३७. चार अंकांचं फक्त १०१. सात अंकांचं देणाऱ्या २३९ आणि ४६४९.

आणि ७१ अंकांचं चक्र? त्याही दोनच, वर छापलेल्या. १९ एकांची रांग स्वतःच मूळ असल्यामुळे १९ अंकांच्या चक्राची मालकी तिच्या एकटीकडे आहे. १ ला तिने भागलं की १८ शून्यं आणि एक ९, मग पुन्हा १८ शून्यं आणि एक ९.